दोऱ्यानं मोजलेला खांदा

"बाई, हे अक्षर तुमचंच ना?"

डॉक्टरांनी केसपेपर माझ्यापुढे धरला. अक्षर माझंच होतं. 'डावा खांदा. प्रगती उत्तम.' खाली सही, तीही माझीच.

"मग हा हात वर का जात नाही?"

समोर स्टुलावर चांगुणा बसली होती. पोशीरच्या शेतकऱ्याच्या घरची सून, वय पंचविशीच्या आतबाहेर. हात वर कर म्हटलं की तिचा डावा हात छातीपर्यंत यायचा आणि तिथं अडायचा. आणखी वर म्हटलं की हाताऐवजी सगळा खांदाच कानाकडे उचलला जायचा. डॉक्टरांनी तीनदा करायला लावलं. तीनदा तेच झालं.

दाराशी तिचा नवरा गोमा उभा होता. टोपी काढून हातात घेतलेली. त्याच्या मागे त्याची आई, म्हणजे चांगुणाची सासू.

"मागच्या आठवड्यात मी याला छातीठोकपणे सांगितलं, हात येतोय, काळजी करू नकोस. तुमच्या रिपोर्टवरून सांगितलं. आता याला काय सांगू?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात सासूच पुढे आली.

"सांगायचं काय त्यात डॉक्टरसाएब? हात गेला. आता आमी आमचं बगू."

'आमचं बगू' म्हणजे काय ते आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. शेलूची एक मुलगी गोमासाठी बघून ठेवली होती. पहिली बायको कामातून गेली, तर दुसरी करायची. त्या काळी त्यात लपवण्यासारखं कुणाला काही वाटत नसे. चांगुणा मान खाली घालून बसली होती. उजव्या हातानं डाव्या हाताची झोळी नीट करत होती.

दुसरी मोठी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. कर्जतला एक धर्मादाय दवाखाना होता, तिथं मी कामाला होते. दवाखाना आता नाही. मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात मी मसाज आणि एक्झरसाइजचं शिक्षण घेतलेलं. आज त्याला फिजिओथेरपी म्हणतात. तेव्हा हा शब्द आमच्या डॉक्टरांनाही नीट उच्चारता येत नसे. लोक मला मालीशवाली बाई म्हणत. सुरुवातीला मला फार राग यायचा. "मालीश नाही हो, व्यायाम!" असं मी दर रोग्याला ऐकवायचे. पुढे तोंड दुखायला लागलं, तेव्हा सोडून दिलं. आठवड्यातून पाच दिवस कर्जत, एक दिवस खालापूर, अशी ड्यूटी होती. बायकांच्या हातापायांना पुरुषानं हात लावलेला चालत नसे, म्हणून मला कामाला तोटा नव्हता.

चांगुणाची केस साधी होती. मार्गशीर्षात भाताची झोडणी चालू असताना ती पेंढ्याच्या उडवीवरून घसरली आणि डाव्या हातावर पडली. दंडाचं हाड खांद्यापाशी मोडलं. डॉक्टरांनी हात गळ्यात बांधून झोळी दिली, म्हणजे स्लिंग. तीन आठवड्यांनी या म्हणाले. ही मंडळी आली दोन महिन्यांनी. का? तर दुखत नव्हतं. हात झोळीत छान बसला होता. त्याला त्रास कशाला द्यायचा!

इथंच रोग्यांचं पहिलं चुकतं. हाड जुळायला विश्रांती लागते, हे खरं. पण सांध्याला विश्रांती मानवत नाही. हाड जुळत असताना खांदा आतून धरतो, चिकटा येतो. पावसाळाभर न उघडलेल्या खिडकीसारखं होतं. खिडकी मोडलेली नसते, पण उघडतही नाही. चांगुणाचं हाड उत्तम जुळलं होतं. खांदा मात्र बंद झाला होता.

त्यावर औषध नाही. मालीश करून तेवढ्यापुरतं बरं वाटतं. आम्ही दोन तऱ्हेच्या हालचाली देतो. आम्ही रोग्याचा हात धरून हलवला तर ती पॅसिव्ह. रोग्यानं आपल्या जोरावर हलवला तर ती ॲक्टिव्ह. खांदा सुटतो तो बहुतेक दुसऱ्या तऱ्हेनं. म्हणजे काम रोग्याचं असतं. आम्ही दाखवायचं, मोजायचं आणि ओरडायचं.

मी तिला दोन व्यायाम दिले. पहिला, कमरेत वाकून हात लोंबता सोडायचा आणि जात्याच्या खुंट्यासारखा गोल फिरवायचा. दुसरा भिंतीचा. भिंतीसमोर उभं राहायचं आणि डाव्या हाताची बोटं मुंगीसारखी भिंतीवरून वर चढवत न्यायची. जिथं अडेल तिथं खूण करायची. उद्या त्या खुणेच्या एक बोट तरी वर जायचं.

पोशीर नेरळपासून लांब. रोज काय, दर आठवड्यालाही कर्जतला येणं तिला जमणार नव्हतं. गोमा मात्र दर सोमवारी भाजी घेऊन कर्जतला यायचा. तेव्हा मी एक युक्ती काढली. फार खूश होते मी त्या युक्तीवर. गोमाला म्हटलं, "भिंतीवरच्या सगळ्यात वरच्या खुणेपासून जमिनीपर्यंत दोरा धरायचा, तेवढाच तोडायचा आणि सोमवारी मला आणून द्यायचा."

"येवडंच?"

"एवढंच."

तो दोरा मी टेपनं मोजायचे आणि केसपेपरवर लिहायचे. दर सोमवारी दोरा लांबत होता. पहिल्या आठवड्यात चांगला सात बोटं लांबला. दुसऱ्यात पुन्हा सात. तिसऱ्यात पुन्हा सात. इतका शिस्तीत सुटणारा खांदा मी इस्पितळातही पाहिला नव्हता. तेव्हाच शंका यायला हवी होती. खांदा असा घड्याळासारखा सुटत नाही. एक दिवस पुढे जातो, तीन दिवस अडून बसतो. पण आपल्या कामाचं कौतुक वाटायला लागलं की माणसाचे डोळे मिटतात. मी 'प्रगती उत्तम' लिहून मोकळी झाले.

आणि गोमा ते दोरे परत मागून न्यायचा. मला वाटायचं, गरीब माणूस, दोराही वाया घालवत नाही. पुढे कळलं, तो ते दोरे घरी आईला दाखवत होता. बग, हात येतोय. शेलूला आताच काय सांगू नको. त्या दोऱ्यांवर त्यानं शेलूची सोयरीक तीन आठवडे थोपवून धरली होती. चौथ्या आठवड्यात म्हातारी म्हणाली, दोरं पुरं झालं, मला हात बगू दे. आणि सुनेला घेऊन ती थेट दवाखान्यात आली.

तर त्या दिवशी दवाखान्यात सगळे माझ्याकडे बघत होते.

"डॉक्टर, मला उद्या पोशीरला जाऊ द्या," मी म्हटलं.

"जाऊन काय करणार?"

"भिंत बघते."

डॉक्टर माणूस बरा होता. तोंडानं तिखट, पण बरा. "भिंत बघा, छप्पर बघा, काय वाटेल ते बघा," म्हणाले. "पण पुढच्या वेळी रिपोर्ट लिहिण्याआधी रोगी बघा म्हणजे झालं."

हे बोलणं मला लागलं. अजून आठवलं की लागतं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं नेरळ, तिथून पोशीरकडे निघालेल्या बैलगाडीत. गाडीवाल्यानं वाटेत विचारलं, "कुनाकडं बाई?" घर सांगितलं तर म्हणाला, "हां, ज्याचं दुसरं लगीन हाय!" गावात लग्न ठरूनही गेलं होतं.

घर कुडाचं, स्वच्छ सारवलेलं. पुढच्या पडवीची भिंत पांढऱ्या मातीनं पोतारलेली. त्या भिंतीवर कुंकवाचे ठिपके. खालून वर सरळ रांगेत, एकावर एक, दोन ठिपक्यांत बरोबर एका बोटाचं अंतर. देवघरातल्यासारखं सुरेख दिसत होतं.

कुंकू ही माझीच सूचना. आधी मी कोळशानं खूण करायला सांगितली होती. सासूनं निरोप धाडला, घराच्या भिंतीला काळं लावायचं नाय. मग मी म्हटलं, कुंकवाचं बोट लाव. कुंकवाला कोण नाही म्हणेल? कुणी म्हटलं नाही.

"चांगुणा, कालचा व्यायाम कसा केलास, तसा करून दाखव."

ती आत गेली, कुंकवाचा डबा घेऊन आली. भिंतीसमोर उभी राहिली. डावा हात झोळीत तसाच. उजव्या हाताचं बोट कुंकवात बुडवलं. उजवा हात भिंतीवरून मुंगीसारखा, मी दाखवला तसा, वर चढवत नेला. टाचा उचलल्या. कालच्या ठिपक्याच्या वर एक बोट जागा मोजली आणि ठिपका लावला. मग माझ्याकडे वळून बघितलं. शाबासकी मिळेल, असं तिला वाटत होतं.

"अगं, हा हात कुठला?"

"उजवा."

"आणि मोडलेला कुठला?"

"डावा."

"मग?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. एवढी शिकलेली बाई आणि हे कसं कळत नाही, असा चेहरा. "बाई, कुकू डाव्या हातानं लावत्यात व्हय?"

मी मटकन खाली बसले. खरंच बसले, पडवीतच. कुंकू डाव्या हातानं लावत नाहीत, हे आपल्याकडच्या पाच वर्षांच्या पोरीला ठाऊक असतं. मलाही ठाऊक होतं. पण माझा नवरा जाऊन सात वर्षं झाली होती. सात वर्षांत मी कुंकवाच्या डब्याला हात लावला नव्हता. ते कुठल्या हातानं लावायचं, हा प्रश्नच माझ्या डोक्यातून गेला होता.

"आणि रोज बरोबर एकच बोट वर कसं गेलं?"

"तुमीच म्हनलंत ना, रोज येक बोट तरी वर गेलं पायजे. म्हून रोज येक बोट वर लावलं."

"मी बगत व्हते," सासू आतून म्हणाली. "येक दिस चुकली नाय. अंगात ताप व्हता तवाबी लावलंन."

राग आला. आधी तिचा, मग माझा. तिनं माझी आज्ञा शब्दाबरहुकूम पाळली होती. कुठंही लबाडी नव्हती. तिला वाटलं, ही रोजची खूण हाच उपचार. जसा उपास असतो, जशा प्रदक्षिणा असतात, तसा. नेमानं केलं की हात आपोआप बरा होणार. आणि दुखरा हात? तो बिचारा झोळीत सांभाळून ठेवलेला. मी चार आठवडे एका दोऱ्यावर उपचार केले होते आणि दोरा ठणठणीत बरा झाला होता.

मी सासूला बाहेर बोलावलं. जे झालं ते सरळ सांगितलं. चूक तुमच्या सुनेची नाही, माझी आहे. खांदा अजून सुटू शकतो. मला वेळ द्या.

"किती?"

होळी नुकतीच झाली होती. "अक्षय्य तृतीयेपर्यंत," मी म्हटलं. दीड महिना मिळत होता.

"आनि तवर शेलूवाल्यांना काय सांगू?"

"सांगा, दवाखान्यातली बाई येडी आहे, थांबा म्हणते."

म्हातारीनं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "येडी तर हायस," म्हणाली. "पन तोंडावर कबूल करतेस. बरं. अक्षय्य तृतीया. त्याच्या फुडं येक दिस नाय."

ती दुष्ट नव्हती. तिचा हिशोब रोखठोक होता. आषाढात लावणी. लावणीला डाव्या हातात रोपांची मूठ धरायची आणि उजव्यानं लावत जायचं. एका हाताची बाई चिखलात काय करणार? घरात कामाची बाईमाणसं दोनच, त्यात एक म्हातारी. तिला कामाचा हात हवा होता. तो कुणाच्या अंगाला आहे, याच्याशी तिला कर्तव्य नव्हतं.

आता खुणेचा प्रश्न. कोळसा चालत नाही. कुंकू डाव्या हातानं चालत नाही. मी म्हटलं, बोटं पाण्यात बुडवून भिंतीवर चढवायची. ओलं उमटेल.

"आनि वाळलं म्हंजे?" सासू म्हणाली.

"वाळायच्या आत कुणीतरी खूण करायची."

"मी करते. कुंपनातला काटा टोचते भिंतीत. मग हलायचं नाव नको."

मला बरं वाटलं. पण मनात आलं, ही बाई सुनेच्या बाजूनं खूण करील, का शेलूच्या? तिला शेलूची मुलगी पसंत होती, हे उघड होतं. काटा दोन बोटं खाली टोचायला कितीसा वेळ लागतो? तसं बोलून दाखवायची सोय नव्हती. मी तिला शेजारी उभं केलं आणि काय बघायचं ते शिकवलं.

आमच्या कामात एक गोष्ट असते, ट्रिक मूव्हमेंट. सांधा हलत नसला की शरीर दुसरीकडून हालचाल उसनी आणतं. खांदा कानाकडे उचलला जातो, कंबर वाकते, टाचा वर होतात. बघणाऱ्याला वाटतं, हात वर गेला. हात असतो तिथंच. रोगी हे मुद्दाम करत नाही, त्याला कळतही नाही. सासूला हे दाखवलं, तिनं एकदाच बघितलं आणि म्हणाली, "म्हंजे चोरी."

"चोरीच."

"मग मला सांगाया नको."

त्या दिवशी झोळी मी स्वतःबरोबर घेऊन आले. चांगुणाच्या चेहऱ्यावरून वाटलं, मी तिचा हातच काढून नेतेय. शेजारपाजारच्या बायका तिचं पाणी भरत होत्या, लुगड्याचा काष्टा मागून कुणीतरी खोचून देत होतं. मी ते सगळं बंद करायला सांगितलं. काष्टा मागे खोचायला हात पाठीमागे वळावा लागतो. खांद्याला त्याच्यासारखा व्यायाम नाही. बायका माझ्यावर चिडल्या. "दया म्हनून नाय या बाईला," असं माझ्या देखत म्हणाल्या. म्हणू देत. घरच्यांच्या दयेनं जितके सांधे धरतात, तितके मोडण्यानंही धरत नाहीत.

पहिला आठवडा वाईट गेला. चांगुणा रडायची. मी दर बुधवारी जायची परवानगी डॉक्टरांकडून घेतली होती. पहिल्याच बुधवारी सासूनं वाटेत गाठलं.

"बाई, रडते. किती रडली म्हंजे थांबवू?"

हा प्रश्न मला आजपर्यंत कुठल्या डॉक्टरनंही इतका नेमका विचारलेला नाही. मी सांगितलं, "व्यायामानंतर चुलीवरचा भात शिजेपर्यंत दुखलं, तर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी उठल्यावर दुखत असेल, तर आदल्या दिवशी जास्त झालं. मग थोडं कमी करायचं, पण बंद करायचं नाही. आणि दुसऱ्या कुणी हात ओढायचा नाही. तिचा हात, तिचा जोर."

हे सगळ्यांनीच लक्षात ठेवण्यासारखं आहे. दुखतं म्हणून सोडणारे रोगी पुष्कळ. आणि लवकर बरं व्हायचं म्हणून कुणाकडून तरी हात पिरगाळून घेणारेही पुष्कळ. दोघांचाही खांदा तसाच राहतो.

भिंतीवर काटे लागत गेले. कुंकवाच्या ठिपक्यांच्या शेजारीच. ठिपके कुठल्या कुठं वर आणि काटे पार खाली, छातीच्या पातळीला. बघून लाज वाटावी. मी पितळी कोनमापक घेऊन जायचे. हात अंगापासून किती उघडतो ते त्यानं मोजता येतं. दुसऱ्या आठवड्यात थोडा उघडला. तिसऱ्यात काहीच नाही. चौथ्यात एकदम पुढे गेला. कोनमापक आणि काटे यांचा मेळ दर वेळी बसत होता. म्हातारी एक केसभर इकडे नाही की तिकडे नाही. मीच तिच्यावर संशय घेतला, याची मला खंत वाटली.

"टाच! टाच खाली!" मी अंगणात पोचायचे तेव्हा आतून आवाज यायचा. "चोरी केलीस गं! नाय लावनार काटा. परत कर."

"आत्या, हात मोडला ना माजा..."

"मोडला व्हता. जुळला. कर परत."

गोमा बैल धुण्याचं निमित्त करून बाहेरच असायचा. एकदा मला हळूच म्हणाला, "बाई, दोरा तोडून आनू का आता?"

"गोमा, दोऱ्याचं नाव काढलंस तर बघ!"

अक्षय्य तृतीयेला आठ-दहा दिवस होते. त्या बुधवारी मी गेले, तर पडवीत पाहुणे. शेलूच्या मुलीचा बाप आणि त्याचा भाऊ. चांगुणा भिंतीसमोर उभी होती. पाहुणे आले म्हणून सासूनं व्यायाम थांबवला नव्हता. मुलीचा बाप भिंतीकडे बघत होता.

"ह्ये काटे कसले?"

"सुनंचा हात मोजते," सासू म्हणाली.

"येतोय?"

चांगुणाची बोटं चढत होती. कपाळाच्या वर गेली. टाचा जमिनीला. खांदा जागेवर. डोक्याच्या वर वीतभर जाऊन थांबली. सासू उठली, ओल्या खुणेवर काटा टोचला, कालच्या काट्याकडे बघितलं.

"येतोय," ती म्हणाली. "पुरा यायचा हाय. हंडा उचलला तर येतोय."

परसात पाण्यानं भरलेला हंडा होता. चांगुणा गेली. वाकली, दोन्ही हात लावले. उजव्यावर जास्त भार होता, मला दिसत होतं. पण डावाही चढला. हंडा गुडघ्यावर आला, छातीवर आला, तिथं क्षणभर अडला. मग तो डोक्यावरच्या चुंबळीवर बसला. पाणी हिंदकळून तिच्या तोंडावर सांडलं. पुसायला तिनं हात काढला तो डावा.

शेलूची माणसं चहा पिऊन निघाली. सासू त्यांना म्हणाली, "पोरगी चांगली हाय तुमची. दुसरीकडं बगा."

मला इतका आनंद झाला की मी नको ते बोलून गेले. "म्हणजे सून आवडली म्हणायची!"

म्हातारी काटे नीट बघत होती. वळलीही नाही. "आवडायचं काय त्यात? हात हाय, काम हुतंय. दुसरी आनली तर तिला खायाला कोन घालील?"

म्हटलं, ठीक आहे. निकाल महत्त्वाचा.

डॉक्टरांनी केसपेपरवर स्वतः लिहिलं. तीन हिस्से हात आला आहे, उरलेला एक हिस्सा यायला वर्षभर व्यायाम चालू ठेवावा. मी चांगुणाला तसं बजावलं. खांदा पूर्ण सुटायला असाच वेळ लागतो. बहुतेक रोगी काम भागलं की थांबतात आणि मग मिळवलेलंही थोडं घालवतात.

ती थांबली नाही. लावणी झाली, कापणी झाली, ती करत राहिली. गोमा भाजी घेऊन यायचा, त्याला मी विचारायचे. "करते बाई. सकाळी येकदा, सांजचं येकदा. चुकत नाय." मला तिचा भारी अभिमान वाटायला लागला. खालापूरला काय, कर्जतला काय, जो रोगी कंटाळा करेल त्याला मी पोशीरच्या चांगुणाचं उदाहरण द्यायचे. अडाणी बाई, शेतात राबते, तरी व्यायाम सोडत नाही! आणि तुम्ही पहा!

दुसऱ्या वर्षी पावसाच्या तोंडाशी ती दवाखान्यात आली. पायात काटा रुतून पिकला होता. डॉक्टरांनी काटा काढला. मी सवयीनं म्हटलं, हात वर कर. केला. मोजला. मागच्या खेपेपेक्षा कमी भरला.

"चांगुणा, व्यायाम सोडलास?"

"व्हय."

"कधी?"

"औंदाच्या अक्षय्य तृतीयेपासनं."

"का गं? वर्षभर केलास, थोडक्यासाठी सोडलास?"

ती हसली. तिला तसं हसताना मी पहिल्यांदाच बघितलं. "तवाच शेलूच्या पोरीचं लगीन झालं ना बाई. तिकडं वांगणीकडं दिली. बरं घर मिळालं."

मी कोनमापक पेटीत ठेवला. रोगी व्यायाम कशासाठी करतो, ते आपण त्याला विचारत नाही. आपण समजतो, हातासाठी. मी तिला त्या दिवशी ओरडले नाही. आणि त्यानंतर तिचं उदाहरण कुणाला दिलं नाही.